मोठ्या अक्षरांत

साधना लग्न करून त्या घरात आली तेव्हा आकांक्षा दहा वर्षांची होती. गाव अकोटच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. नवरा गोपाल अकोट डेपोत एसटीचा ड्रायव्हर. आज नागपूर, उद्या अमरावती, मधूनच मुक्कामी गाडी. घरात त्याची आई गोदाबाई आणि पहिल्या बायकोची ही एकुलती एक मुलगी. पहिली बायको कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. साधनाचंही पहिलं लग्न मोडलेलं. बीए झाल्यावर ती अमरावतीला एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची. या घरात आपण कुणाची जागा घ्यायला आलेलो नाही, एवढं तिनं स्वतःला आधीच बजावून ठेवलं होतं.

आकांक्षा तिच्याशी वाईट वागायची असं नाही. ती तिच्याशी वागायचीच नाही. साधनाला ती कुठल्याच नावानं हाक मारत नसे. भूक लागली की आजीला सांगायची; आजी घरात नसली तर स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन नुसती उभी राहायची, आणि साधनानं ओळखून ताट वाढायचं.

जुलैत गोदाबाई परतवाड्याला लेकीकडे गेली होती. घरच्या गव्हाला सोंडे लागले होते. साधनानं शेजारच्या मोतीरामला बोलावून मागच्या खोलीतल्या पोत्यांत किडीच्या गोळ्या ठेवून घेतल्या. त्या गोळ्यांचा वायू माणसालाही पुरतो, म्हणून मोतीरामनं जाताना पुन्हा पुन्हा बजावलं, की आठवडाभर हे दार उघडायचं नाही. दोघांनी मिळून दाराच्या फटींवर चिकटपट्टी लावली. कुलूप होतं, पण किल्ली गोदाबाईच्या कमरेला परतवाड्याला गेलेली. साधनानं कडी लावून तिला सुतळी बांधली आणि वहीचा कागद फाडून त्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दार उघडू नये. आत विषारी औषध आहे.' कागद दारावर डोळ्यांच्या उंचीला चिकटवला. आकांक्षा शाळेतून आली की तिला तोंडीही सांगायचं, असं ठरवून ती दळण आणायला गेली.

चक्कीवर लाइट गेली. आता येईल, मग येईल करत साधना तिथं थांबली. घरी परतली तेव्हा आकांक्षाची सायकल अंगणात उलटी करून ठेवलेली होती, चाकातली हवा गेलेली. आणि हवा भरायचा पंप मागच्या खोलीत असायचा.

डबा हातातून टाकून साधना मागं पळाली. दार उघडं होतं. आकांक्षा उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती, पुढे उलटी झालेली, ओठांचा रंग गेलेला. लसणासारखा उग्र वास नाकात घुसला. साधनानं श्वास रोखून तिला काखेत धरून ओढत अंगणात आणलं आणि मोतीरामला हाका मारल्या. तो आला, आणखी माणसं आली. कुणी खिडक्या उघडल्या, कुणी चिकटपट्ट्या, सुतळ्या, कागद सगळं गोळा करून उकिरड्यावर नेऊन टाकलं. सरपंचाच्या गाडीतून पोरीला अकोटला नेलं, तिथून अकोल्याला. गाडीत आकांक्षाचं डोकं साधनाच्या मांडीवर होतं. ती मधूनच डोळे उघडायची आणि साधनाला पाहून पुन्हा मिटायची.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दार उघडं राहिलं म्हणून वाचली, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. दोन दिवस नजरेखाली ठेवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाल खाली चहा आणायला गेला होता. आकांक्षा सलाइनच्या बाटलीकडे पाहत पडली होती. बाटलीकडेच पाहत तिनं विचारलं, "त्या कागदावर काय होतं?"

साधनाला आधी नीट कळलंच नाही. "तू वाचला नाहीस का?"

आकांक्षानं सलाइनची नळी बोटानं चाचपली. मग म्हणाली, "मले वाटलं, आजीचं पूजेचं काई असन."

साधना तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. पाचवीतली मुलगी. प्रगतिपुस्तकात कधी वाईट शेरा नाही; गोपाल ते डेपोत नेऊन दाखवायचा. आणि आता एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. मैत्रिणींना ही मोबाइलवर कधी लिहीत नसे, बोलून पाठवायची. लग्नाची पत्रिका आली की ती आजीच्या हातात देऊन, आजी वाच म्हणायच्या आत निघून जायची. मागं एकदा साधनानं फ्रीजवर चिठ्ठी लावली होती, तेव्हा घरी येईपर्यंत पोरगी उपाशी बसून राहिली होती, आणि साधनाला वाटलं होतं की ही आपल्यावरचा राग आहे.

"बाबाले सांगू नको," आकांक्षा म्हणाली. साधनाकडे तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

साधनानं होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून पंजाबराव आत आले. ते आकांक्षाचे आजोबा, तिच्या आईचे वडील. वरूडला त्यांची संत्र्याची मोठी बाग. रात्री निरोप मिळाला तसे गाडी काढून निघाले होते. त्यांनी नातीच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग साधनाकडे वळले.

"दाराले कुलूप काहून नोतं?"

"किल्ली आईंजवळ राहिली होती, बाबा."

"मंग पोरीले सांगतलं होतं?"

कागद लावला होता, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. साधनाची नजर पलंगावर गेली. आकांक्षानं डोळे घट्ट मिटले होते आणि मुठीत चादर धरली होती. कागद होता म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच होता.

"नाही सांगितलं," साधना म्हणाली. "चुकलं माझं."

"मले बाबा म्हणू नका तुमी," पंजाबराव शांतपणे म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात ते गोपालशी बोलले ते आत ऐकू येत होतं. आपली एक लेक या घरातून गेली, तेव्हा आपण ते देवावर सोडलं. या वेळी सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दिवाळीपर्यंत ते वाट पाहणार होते. पोरीचं तिथं ठीक चाललेलं नाही असं दिसलं, तर तिला वरूडला नेऊन तिथल्या शाळेत घालणार होते. गोपालनं एकदाही त्यांना अडवलं नाही.

गावात जे बोललं जायचं ते बोललं गेलं. सावत्र आईनं पोरगी विषाच्या खोलीपाशी सोडली आणि स्वतः चक्कीवर गप्पा मारत बसली. गोदाबाई परतली ती नातीला स्वतःच्या हातानं जेवू घालू लागली, स्वतःजवळ निजवू लागली. साधनानं दिलेलं दूधही आधी वास घेऊन मग पोरीच्या हातात द्यायची. गोपालनं एकदाच विचारलं, दाराला खरंच काही लावलं नव्हतं का. साधना म्हणाली, चूक झाली म्हटलं ना. त्यानं पुन्हा विचारलं नाही आणि तिच्याशी बोलणंही कमी केलं.

त्याला सांगावं असं तिला रोज वाटायचं. पण गोपालचा राग तिनं पाहिला होता. लेकीच्या हुशारीवर त्याचा सगळा जीव होता. त्याला कळलं असतं तर तो त्याच दिवशी शाळेत जाऊन आरडाओरडा करून आला असता, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. शिवाय कुलूप नव्हतं हे खरंच होतं. पोरीला तोंडी सांगायचं राहिलं हेही खरंच होतं. त्यामुळे आपण खोटं बोललो असंही तिला पूर्ण वाटत नव्हतं.

एके दिवशी ती शाळेत गेली. पाचवीला नव्यानं आलेल्या अनीसा मॅडमना तिनं बाजूला घेऊन विचारलं. मॅडमना शंका आलेलीच होती. त्यांनी सांगितलं, की पोरीचा कान फार तयार आहे. वर्गात धडा दोनदा वाचला गेला की तिला तो पाठ होतो. मग पुस्तकावर बोट फिरवत ती घडाघडा म्हणते. पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलं की गप्प. दोघींनी मिळून हिशोब लावला. हिची पहिली इयत्ता कोरोनातली, मोबाइलवरची. आई गेलेली, आणि घरातला एकच मोबाइल बापाबरोबर एसटीत. शाळा उघडल्या तोवर बाकीची पोरं पुढे गेली होती, आणि ही विचारायची लाजली. मग पाठ करायला शिकली.

"पुस्तक घेऊच नका," मॅडम म्हणाल्या. "ती जे बोलते तेच लिहा. तिच्याच बोलीत, जसंच्या तसं. आणि तेच तिला वाचू द्या. पुस्तकातली मराठी तिला परकी वाटते, स्वतःचं बोलणं वाटणार नाही. फक्त घाई करू नका."

घाई करायची नाही, आणि दिवाळी तर समोर दिसत होती.

आकांक्षाची शाळा सकाळची. दुपारी गोदाबाई देवळात जायची तेवढाच वेळ हाताशी असे. साधना कागद-पेन घेऊन बसे आणि आकांक्षाला बोलावे. पहिल्या दिवशी तिचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी पोट. मग ती येऊन बसू लागली, पण तोंड उघडेना. साधनानं एखादं अक्षर काढून पुढे सरकवलं की ती खिडकीबाहेर पाहत राही. एकदा तिनं कागद फाडून त्याचे तुकडे तोंडात घातले. एकदा स्वतःच्याच मनगटाला असा चावा घेतला की दातांचे वळ उठले. साधनानं घाबरून तिचा हात ओढला, आणि नेमकी त्याच वेळी गोदाबाई दारात उभी. तिनं नातीचं मनगट पाहिलं, साधनाकडे पाहिलं आणि पोरीला घेऊन गेली. त्या संध्याकाळी ती अंगणात जाऊन मोबाइलवर हळू आवाजात बोलत होती. वरूडला फोन गेलाय हे कळायला साधनाला विचारावं लागलं नाही.

तिनं ठरवलं, आता नाद सोडायचा. पोरगी वरूडला गेली तर तिथं कुणीतरी शिकवेल. पण तिथं तर हे कुणाला माहीतच नव्हतं. तिथंही ती पाठ करेल, तिथंही पुढच्या वर्गात ढकलली जाईल.

ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ती शेवटचं म्हणून कागद घेऊन बसली. गोदाबाई बाजारात गेली होती. आकांक्षा समोर पाय पोटाशी घेऊन बसलेली.

"काहीही बोल," साधना म्हणाली. "तू म्हणशील ते लिहिते. वाट्टेल ते."

"वाट्टेल थे?"

"हो."

आकांक्षानं पहिल्यांदाच थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तू मायी माय नाई," ती म्हणाली.

साधनाचा हात थांबला. पोरगी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आता ही काय करते म्हणून. साधनानं मान खाली घातली आणि लिहिलं, तिच्याच बोलीत, एकेक शब्द सुटा, मोठ्या अक्षरांत. तू मायी माय नाई. आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

आकांक्षाला हे अपेक्षित नव्हतं. ती कागदाकडे पाहत राहिली. मग बोट फिरवून एका दमात म्हणून मोकळी झाली.

"हे तुला पाठ आहे," साधना म्हणाली. तिनं कात्री घेऊन चारही शब्द वेगळे केले आणि फरशीवर उलटसुलट टाकले. "आता यात 'माय' कुठं आहे?"

बराच वेळ गेला. आकांक्षानं एका तुकड्यावर बोट ठेवलं, मग उचललं. दुसऱ्यावर ठेवलं. तो 'माय'च होता.

"हाच कसा?"

"त्याले मांगं काडी हाये," तिनं 'मायी'कडे बोट केलं. "याले नाई."

साधनानं नुसतं 'बरोबर' म्हटलं. मग 'तू' विचारला, 'नाई' विचारला. आकांक्षा शोधून दाखवू लागली. दोनदा चुकली, चिडली, तुकडे भिरकावले आणि स्वतःच पुन्हा गोळा करून आणले. मग साधना म्हणाली, की तुझं तू काहीतरी लाव, मी पाहते.

आकांक्षा तुकडे इकडून तिकडे सरकवत बसली. 'तू' बाजूला ठेवला. उरलेले तीन एका ओळीत लावले आणि बोट ठेवून सावकाश वाचले.

"मायी... माय... नाई."

वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते तिला समजलं. ती रडली नाही. तिनं तिन्ही तुकडे उचलून फ्रॉकच्या खिशात घातले, चौथाही घातला, आणि उठून बाहेर गेली. साधना तिथंच बसून राहिली. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटत होतं.

पण दुसऱ्या दुपारी आकांक्षा न बोलावता आली. चारही तुकडे तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे डिंकानं चिकटवले होते, पुन्हा पहिल्या क्रमानं. ते कॅलेंडर तिनं फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "आज दुसरं लिव."

मग रोज एक वाक्य होऊ लागलं. बहुतेक भांडणाचीच. आजीची भाजी खारट. मले उद्या शाळेत नाई जाचं. तुयी साडी चांगली नाई. साधना निमूट लिहायची आणि कापायची. काही दिवस चांगले जायचे. काही दिवशी कालचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं. 'भ' आणि 'म' एक होऊन जायचे, आणि आकांक्षा भिंतीवर डोकं आपटायची. दसरा झाला तेव्हा तिला साधी अक्षरं आणि काना-मात्रा जुळवता येत होत्या. जोडाक्षर आलं की ती दगड झाल्यासारखी बसायची. शाळेच्या पुस्तकाला हात लावायला अजून तयार नव्हती. आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. गोदाबाईला एवढंच दिसत होतं, की आपण बाहेर गेलो की या दोघी दार लोटून बसतात आणि पोरगी लाल डोळ्यांनी बाहेर येते.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्याच दिवशी पंजाबरावांची गाडी अंगणात उभी राहिली. गोपाल जादा गाड्यांच्या ड्युटीवर होता. गोदाबाईनं आकांक्षाची पिशवी भरून ठेवली होती, आणि ती सुट्टीपुरती भरलेली नव्हती. हिवाळ्याचे कपडेही तिच्यात होते.

पंजाबराव बाहेरच्या खोलीत बसले. गोदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं फळीवरचं कॅलेंडर आणि त्याखालची कागदांची चळत उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, की पाहा, तासन्‌तास हे काय चालते ते मले काई समजत नाई. पंजाबरावांनी चश्मा लावला. कॅलेंडरच्या मागची चार शब्दांची ओळ त्यांनी वाचली, पुन्हा वाचली.

"हे अक्षर कोणाचं हाये?"

"माझं," साधना म्हणाली.

"बिनमायच्या लेकरापुढे हे लिहून ठेवता तुमी?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कॅलेंडर त्यांनी तिच्या तोंडासमोर धरलं होतं. "'तू मायी माय नाई' म्हणून. म्हणजे तिनं हे रोज पाहावं?"

साधनानं आकांक्षाकडे पाहिलं. पोरगी दाराच्या कडेला उभी होती, पांढरी पडलेली. तिचं गप्प राहणंच पंजाबरावांना पुरलं. ते उठले.

"चाल, आकांक्षा. चप्पल घाल."

आकांक्षानं चप्पल घातली. पिशवी उचलली. अंगण ओलांडून ती गाडीपर्यंत गेली आणि ड्रायव्हरनं तिच्यासाठी दार उघडलं. साधना उंबऱ्यापर्यंत आली. पंजाबराव पायऱ्या उतरत होते. तेवढ्यात आकांक्षानं पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्या बाजूनं पळत परत घरात आली, चपला पायात तशाच.

"थे मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "तिनं निस्तं लिवलं."

पंजाबराव मागं आले. "काय?"

"मीच म्हटलं होतं तिले, तू मायी माय नाई. मले वाचता येत नाई, आबा. म्हणून ती मी म्हणतो थे लिवते आन्‌ मले वाचाले लावते."

"काय बोलून राह्यली? पाचवीत हाये तू. फोनवर मले कविता वाचून दाखोते."

"थ्या पाठ हायेत."

त्यांचा विश्वास बसला नाही. ही बाई पोरीला पढवून ठेवते आहे असंच त्यांना वाटलं असावं. त्यांच्या खिशात सकाळचं वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं होतं. त्यांनी ते काढलं, उघडलं आणि आकांक्षापुढे धरलं. "वाच."

"बाबा, असं नका करू," साधना पुढे झाली.

"तुमी मधात बोलू नका."

आकांक्षानं वर्तमानपत्र दोन्ही हातांनी धरलं. मोठ्या मथळ्यावर बोट ठेवलं. 'संत्र्याचे भाव घसरले.' पहिल्याच शब्दाशी ती थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत ती त्या एकाच शब्दाकडे पाहत होती. तिच्या मानेवर घाम आला होता. साधनाला वाटलं, आता ही कागद फाडेल, नाहीतर हात चावेल.

"हे नाई येत," आकांक्षा म्हणाली आणि बोट पुढे सरकवलं. "भा... व. भाव." पुन्हा थांबली. "घ... स... र... ले." मग चारही अक्षरं एकत्र करून म्हणाली, "घसरले." आणि तिनं मान वर केली.

पंजाबरावांना तो मथळा न पाहताही माहीत होता. सकाळपासून त्यांच्या डोक्यात तोच होता. नातीच्या तोंडून तो असा तुटत तुटत, पहिला शब्द गाळून, ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी वर्तमानपत्र तिच्या हातातून हळूच सोडवून घेतलं.

"त्या दिवशी दाराले कागद होता," आकांक्षा म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. "मोठा होता. मी पाह्यला, पण मले समजला नाई. मीच म्हटलं होतं तिले, सांगू नको म्हणून. तिनं कोणालेच नाई सांगतलं."

गोदाबाई खाटेच्या कडेवर बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

पंजाबरावांनी साधनाला विचारलं, "दवाखान्यात काहून बोलल्या नाही?"

"तिला शब्द दिला होता," साधना म्हणाली.

ते अंगणात गेले आणि गाडीकडे तोंड करून, घराकडे पाठ करून उभे राहिले. ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं आत आले आणि खाटेवर बसत म्हणाले, "पाणी दे, पोरी."

आकांक्षा पाणी आणायला निघाली. "तुले नाई म्हटलं," ते म्हणाले. साधना पाणी घेऊन आली.

दिवाळीला त्यांनी नातीला नेलंच. सुट्टी संपली की आणून सोडतो म्हणाले, आणि हिवाळ्याचे कपडे पिशवीतून काढून ठेवले गेले. तरी ती गेल्यावर घर रिकामं झालं, आणि परत येईलच असं साधनाला छातीठोक वाटत नव्हतं. गोपाल ड्युटीवरून आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. तो चिडला, आणि तिच्यावरच चिडला. सगळा गाव तुला बोलत होता, मीसुद्धा तुझ्याशी नीट बोललो नाही, आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी काय पोरीला मारून टाकलं असतं का, असं म्हणाला. साधना म्हणाली, मारलं नसतं, पण शाळेत जाऊन ओरडला असता. सुट्टी संपली तेव्हा पंजाबरावांची वाट न पाहता तो स्वतःच वरूडला जाऊन लेकीला घेऊन आला.

पुढचं काही सोपं झालं नाही. अनीसा मॅडम मधल्या सुट्टीत तिला दुसरीचं पुस्तक देऊन जवळ बसवू लागल्या आणि वर्गाला कळलं. पोरं हसली. आकांक्षानं एकाला कंपासपेटी फेकून मारली आणि गोपालला शाळेत बोलावणं आलं. तो गेला, ओरडला नाही, मुलाच्या बापाची माफी मागून आला. गोदाबाई आता दुपारी देवळात जाताना दार स्वतःच लोटून घ्यायची. पंजाबरावांचा दर रविवारी फोन यायचा. आधी ते कविता वाचायला लावत, आता ते तिला काही वाचायला सांगत नसत. नुसतं विचारत, आज काय लिवलं.

फेब्रुवारीत ती तिसरीच्या पुस्तकापर्यंत आली. वाचायची गोडी वगैरे लागली नव्हती. जेवढं द्यावं तेवढंच वाचायची, तेही कुरकुरत.

एका संध्याकाळी साधना भाकरी थापत होती. आकांक्षा बाहेरच्या खोलीत पालथी पडून पुस्तक वाचत होती. तिचा अडखळता आवाज मध्येच बंद पडला.

"हे काय होय?" तिनं तिथूनच विचारलं. "जा... स... नाई जमत."

"जमव," साधना म्हणाली.

"सांग ना व."

साधनाचे हात पिठाचे होते. ती उठली नाही. बाहेर पुस्तक आपटल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. साधनानं तव्यावरची भाकरी उलटली, दुसरी थापायला घेतली.

"जास्... वंद," बाहेरून रागीट आवाज आला. "जास्वंद." आणि मग पुढचं वाक्य सुरू झालं, एकेक शब्द तोडत.